मित्रराष्ट्रांचं डुक्कर

आमच्या वालेरू बेटावर सरकारं दोन. एक इंग्रजांचं, एक फ्रेंचांचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्याकडे राहिल्या, आणि दोन्ही गंजक्या. दोन साहेब, दोन तुरुंग, दोन रंगांचे पोलीस. चोर पकडला की आधी त्याला विचारायचं, बाबा, कोणत्या तुरुंगात जातोस? शहाणा चोर फ्रेंचांचा तुरुंग मागायचा, तिथलं जेवण बरं. दोघांचे झेंडे अगदी एका उंचीवर फडकले पाहिजेत असा नियम होता, त्यामुळे रोज सकाळी खांबाखाली दोन शिपायांची जुंपायची. "तुझा वर गेला." "अरे जा, तुझाच वर गेलाय." हे दोन्ही शिपाई माझे भाचे. थोरला आरू इंग्रजांच्या चाकरीत, धाकटा विरा फ्रेंचांच्या. एका आईच्या पोटचे, आणि झेंड्यापायी एकमेकांची आई काढायचे. ती माझी सख्खी बहीण, म्हणून सांगते.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं आणि युद्ध आलं.

युद्ध आलं तेव्हा आमच्या घरात एकच विषय होता: डुक्कर. हसू नका. आमच्याकडे माणसाची किंमत डुकरावरून ठरते. तुमच्याकडे कशावरून ठरते मला ठाऊक नाही, पण त्याहून शहाणपणाचं काही असेल असं वाटत नाही. नर पिल्लाचे वरचे सुळे काढून टाकायचे, म्हणजे खालचे सुळे बिनअडथळ्याचे वाढतात, वळतात, आणि वळत वळत त्यांचं गोल कडं होतं. याला वर्षं लागतात. असल्या डुकराला मोकळं सोडता येत नाही. कुठं नाक खुपसलं आणि सुळा मोडला, की सगळं मुसळ केरात. म्हणून त्याला सावलीत बांधायचं आणि हातानं भरवायचं. उकडलेलं कोनफळ, कुस्करलेला अळूचा कंद, खवलेला नारळ. भरवणार कोण? बायको. मान पुरुषाचा, घास बाईचा. माझ्या पोरांना मी इतक्या लाडानं भरवलं नसेल.

पूर्ण कड्याचं डुक्कर झालं की माणसानं ते नाचाच्या पटांगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, स्वतःच्या हातानं सोटा घालून मारायचं. मग मटण वाटायचं. ज्यानं घास खाल्ला त्यानं पदवी मानली. शेवटी आधीचा एखादा मोली उठून नव्या मोलीचं नवं नाव पुकारतो. मोली म्हणजे आमच्यातली थोर पदवी. ती नुसती मिरवायला नसते. मेल्यावर पलीकडच्या वाटेवर एक राखणदारीण बसलेली असते. ती विचारते, तुझं नाव काय, नि ते कुठल्या डुकरावर मिळवलंस? उत्तर आलं नाही तर ती माणसाला खाऊन टाकते. मोलीला ती हात लावत नाही.

माझा नवरा तावुई तोवर म्हातारा झाला होता आणि त्याच्या छातीत खोकला बसला होता. रात्र रात्र खोकायचा आणि सकाळी उठून आधी डुकराकडे जायचा, सुळ्यावरून बोट फिरवायचा. "अगं, आणखी एवढंसं राहिलंय," म्हणायचा. माझं सगळं लक्ष त्या एवढ्याशाकडे. म्हाताऱ्याचा श्वास आणि डुकराचा सुळा, यांत आधी काय पुरं होतंय ते बघत मी दिवस काढत होते.

मग एके सकाळी खाडी जहाजांनी भरून गेली. अमेरिकन आले. त्यांना विमानं उतरवायला सपाट जमीन पाहिजे होती. आमचे दोन्ही साहेब धावत गेले. इंग्रजांचे विथरिजसाहेब म्हणाले, जमीन आमच्या सरकारतर्फे. फ्रेंचांचे ब्रेसोलसाहेब म्हणाले, जमीन तुमची कशी, जमीन आमच्यातर्फे. दोघं तावातावानं भांडले आणि शेवटी ठरलं की जमीन विथरिजसाहेबांनी दिली आणि तिच्यावरची नारळाची झाडं ब्रेसोलसाहेबांनी दिली. जमीन होती माझ्या सासरची. झाडं माझ्या सासऱ्यानं लावलेली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला दोन सरकारं लागतात हे मला त्या दिवशी कळलं.

झाडं पडली, खडीसारखं पोवळं पसरलं, विमानं उतरली. न्यूझीलंडवाले आले, ते बिचारे वैमानिक, सारखे चहा पीत आणि वर जात. कधी परत येत, कधी येत नसत. त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. एक ऑस्ट्रेलियन आला, त्यानं सगळ्यांना सल्ला दिला. आमच्या गावचे तरुण अमेरिकनांची पिंपं वाहायला गेले. मी आणि गावातल्या बाया त्यांचे कपडे धुऊ लागलो. घरचं करून लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, ते आम्ही खरोखरीच करत होतो.

मग अमेरिकनांच्या कॅप्टनला भाषण सुचलं. डर्किन त्याचं नाव. लांबलचक, तांबड्या मानेचा, हसतमुख माणूस. मला तो आवडायचा, कारण तो आपले कपडे स्वतः आणून द्यायचा आणि परत मागताना "आई" म्हणायचा. त्यानं गाव जमवलं, पेटीवर उभा राहिला आणि म्हणाला, हे युद्ध एकट्याचं नाही. आम्ही मित्रराष्ट्रं आहोत. प्रत्येक राष्ट्रानं आपापला वाटा दिलाय. फिजीवाल्यांनी आपली पोरं पाठवलीत. टोंगावाल्यांनी वर्गणी काढून विमानं घेऊन दिलीत. इंग्रजांनी हे दिलं, रशियानं ते दिलं, हिंदुस्थाननं लाखो माणसं दिली. सगळे देताहेत, आणि जिंकल्यावर सगळे मिळून नवं जग करतील.

भाषण आरूनं आमच्या बोलीत सांगितलं, आणि विरानं मध्येमध्ये दुरुस्त केलं. ऐकून आमचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. घाबरून नव्हे. त्यांना एकदम सगळं समजलं होतं.

संध्याकाळी पुरुषमंडळी कावा नावाच्या कडू मुळीच्या पेयाच्या करवंट्या घेऊन बसली. आम्हा बायांना तिथं जायची परवानगी नाही, पण कुडाच्या भिंतीआड कानांना परवानगी लागत नाही.

"अरे, ही तर पदवीच घेताहेत," मोलिसाले म्हणाला. मोलिसाले म्हणजे आमच्या पलीकडच्या वाडीचा मुख्य. पदवी त्यानं तरुणपणीच घेतली होती, आणि तेव्हापासून तो जमिनीवर पाय न ठेवता चालतो अशी गावात समजूत होती. "कुणीतरी एक थोर माणूस थोर पदवी घेतोय. बाकीचे आपापली डुकरं आणून देताहेत. टोंगावाल्यांचं डुक्कर म्हणजे विमान. कळलं का?"

"मग परतफेड?" माझा म्हातारा म्हणाला.

"परतफेड होणारच. होणार नाही कशी? घेतलेल्याहून मोठं परत दिलं नाही तर पदवी कसली? पण ज्यानं डुक्कर दिलं नाही, त्याला वाटपात हात घालता येत नाही. आपण काय दिलंय?"

"जमीन दिली," कुणीतरी म्हणालं.

"ती विथरिजनं दिली."

"नारळ दिले."

"ते ब्रेसोलनं दिले."

"अंगमेहनत दिली."

"तिची मजुरी घेतली ना रे? मग ते देणं कसलं?" मोलिसाले म्हणाला. "वाटपाच्या दिवशी टोंगावाले आपल्याला हसतील."

मग माझा म्हातारा खोकला, आणि त्या खोकल्याच्या सुरावरूनच मी ओळखलं की आता हा माणूस माझं वाटोळं करणार.

"माझं कड्याचं डुक्कर देतो," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"डोकं ठिकाणावर आहे का? अहो, सुळा आता टेकायला आलाय! पुढच्या कोनफळांच्या हंगामात तुम्ही मोली होणार, आणि ते डुक्कर त्या तांबड्या मानेच्या पोराला देताय?"

"अगं, देत नाही, लावतोय. एक देऊ, दहा येतील. अमेरिकेची पदवी आहे ही! त्यांच्याकडे केवढी डुकरं असतील!"

"त्यांच्याकडे डुकरं डब्यात असतात. मी बघितलीत. चौकोनी असतात."

"तुला मोठं काही समजत नाही."

"मला एवढं समजतं की तुमची छाती वाजते. परतफेड येईस्तोवर तुम्ही नसलात तर? त्या राखणदारणीला काय सांगाल, माझं डुक्कर अमेरिकेला गेलंय, वाट बघ?"

त्याला राग आला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती झाकायला पुरुष मोठं काहीतरी देऊन टाकतात. मी त्या दिवशी डुकराला भरवताना रडले. डुक्कर खात राहिलं.

मित्रराष्ट्र दिनाला डुक्कर द्यायचं ठरलं. त्या दिवशी विमानतळावर सगळ्यांचे झेंडे लागले होते. प्रत्येक राष्ट्रानं आपण काय दिलं ते मांडायचं होतं. अमेरिकनांनी जीप, बुलडोझर आणि आइस्क्रीमचं यंत्र मांडलं. न्यूझीलंडवाल्यांनी एक विमान मांडलं आणि त्याच्या पंखाखाली चहा केला. विथरिजसाहेबांनी राजाचा फोटो मांडला. ब्रेसोलसाहेबांनी फोटो कुणाचा मांडावा हे नक्की नव्हतं, कारण त्यांच्या देशात तेव्हा सरकार कुठलं हेच नक्की नव्हतं. त्यांनी दारूची बाटली मांडली आणि दुपारपर्यंत ती रिकामी करून उभे राहिले.

आणि आमचा म्हातारा अंगाला तेल लावून, कमरेला नवी चटई बांधून, ढोल वाजवत डुक्कर घेऊन आला. ते सुळे बघून आमच्यातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. म्हाताऱ्यानं दावं डर्किनच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे घेतलंस ना?"

"घेतलं, बाबा! आभारी आहे!"

"परत कधी देणार?"

आरूनं हे इंग्रजीत सांगितलं की नाही, आणि सांगितलं तर कसं, देव जाणे. डर्किन खळखळून हसला, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "युद्ध जिंकलं की लगेच!"

झालं. शब्द दिला. साऱ्या बेटानं ऐकला.

पुढं काय झालं ते सांगायलाही माझी जीभ जड होते. अमेरिकन स्वयंपाक्यानं त्या डुकराला पिस्तुलानं गोळी घातली. सोटा नाही, ढोल नाही, नाव नाही. गोळी. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. मग सुळ्यांवरून भांडण लागलं. विथरिजसाहेब म्हणाले, हे इंग्रज सरकारच्या प्रजेनं दिलंय, सुळे आमचे. ब्रेसोलसाहेब म्हणाले, प्रजा दोघांची आहे, सुळेही दोघांचे. पोलिसांना बोलावलं. आरूनं जबडा एका बाजूनं धरला, विरानं दुसऱ्या बाजूनं, आणि करवतीनं जबडा मधोमध कापला. एक सुळा इंग्रजांना, एक फ्रेंचांना. कड्याची जोडी असते हो! जोडी मोडली की ते नुसतं हाड. माझे भाचे मान खाली घालून कापत होते, आणि माझी बहीण त्या दोघांना आयुष्यात पहिल्यांदाच एकसारख्या शिव्या देत होती. मटण अमेरिकनांनी खाल्लं. चांगलं होतं म्हणे. नसायला काय झालं, मी भरवलेलं होतं.

मग म्हातारा वाट बघायला लागला. खोकला वाढला, पण तो मरेना. "शब्द दिलाय त्यानं," म्हणायचा. "युद्ध जिंकेपर्यंत मला मरता येत नाही." जगात एवढे राजे, एवढे सेनापती; पण युद्ध लवकर संपावं म्हणून माझ्या म्हाताऱ्याइतकी कळकळ कुणाला नसेल.

आणि खरंच एक दिवस भोंगे वाजले, बंदुका आकाशात उडाल्या, अमेरिकन एकमेकांना मिठ्या मारू लागले. युद्ध जिंकलं. म्हाताऱ्यानं त्याच दिवशी चारी वाड्यांना आवतण धाडलं: तावुईची परतफेड येतेय, तावुई पदवी घेतोय, या.

मी म्हटलं, "अहो, आधी डुक्कर तर येऊ द्या."

"अमेरिकेचा शब्द आहे," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी सगळं बेट नटूनथटून धक्क्यावर आलं. ढोल आणले, सोटा आणला. मोलिसाले सगळ्यांत पुढं बसला होता, पोट पुढं आणि ओठ बाहेर काढून. फजिती बघायला त्यानं पलीकडच्या बेटावरून मेहुणासुद्धा बोलावला होता.

धक्क्यावर मात्र निराळाच सोहळा चालला होता. अमेरिकन आपल्या जीपा, ट्रक, बुलडोझर एकामागून एक समुद्रात ढकलत होते! नव्या कोऱ्या गाड्या. गडगडत जायच्या, उडी मारायच्या, आणि बुडबुडे काढत खाली. आम्ही आ वासून बघत राहिलो. विरानं भानगड सांगितली. "मावशी, घरी नेणं परवडत नाही म्हणून अमेरिकनांनी सगळं स्वस्तात विकायला काढलं. आमच्या दोन्ही साहेबांनी ठरवलं, विकत कशाला घ्यायचं, जातील तेव्हा फुकट टाकूनच जातील. अमेरिकन म्हणाले, टाकून जाऊ, पण पाण्यात."

दोन्ही साहेब धक्क्याच्या टोकाला उभे राहून थयथयाट करत होते. प्रत्येक गाडी बुडली की दोघं एकमेकांकडे बघायचे, जणू काही समोरच्यानंच ढकलली.

"बघ, बघ!" माझा म्हातारा माझा हात दाबून म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "डुकरं मारताहेत! किती थोर पदवी असेल! मी म्हटलं नव्हतं?"

तो गर्दीतून वाट काढत डर्किनसमोर जाऊन उभा राहिला. तेल लावलेली छाती घुंगरासारखी वाजत होती.

"युद्ध जिंकलंस ना?"

"जिंकलं, बाबा!"

"मग माझं डुक्कर दे."

डर्किन हसला. मग त्यानं मागं बसलेलं सगळं बेट बघितलं, ढोल बघितले, आणि त्याचं हसू ओसरलं. आरूला त्यानं बाजूला घेतलं. या वेळी आरूनं सगळं नीट सांगितलं असावं, कारण डर्किनची मान होती त्याहून तांबडी झाली.

"माझ्याकडे डुक्कर नाही, बाबा," तो म्हणाला. "पण ही जीप घ्या. ही तुमची. माझी स्वतःची आहे, मी चालवायचो ती."

म्हाताऱ्यानं जीपकडे बघितलं. चारी बाजूंनी फिरला. बोट फिरवलं. "सुळे नाहीत," म्हणाला, "पण धडधाकट आहे. घेतली."

आणि तेवढ्यात दोघं साहेब धावत आले. या युद्धात दुसऱ्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. विथरिजसाहेब म्हणाले, फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय इथल्या माणसाला गाडी घेता येणार नाही. ब्रेसोलसाहेब म्हणाले, आणि फ्रेंच सरकारची संमती नाही.

"मग तुम्ही तरी घ्या!" डर्किन ओरडला.

"विकत?" दोघं एकदम म्हणाले. "छे!"

डर्किननं टोपी जमिनीवर आपटली. "मग जाऊ दे पाण्यात!"

मागं मोलिसाले हसला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझा म्हातारा मधोमध उभा, हातात सोटा. मला वाटलं आता हा इथंच कोसळतो, पदवीविना, चारी वाड्यांसमोर.

"अहो!" मी ओरडले. बाईमाणसानं अशा वेळी ओरडायचं नसतं; ओरडले. "ती मारायचीच आहे ना त्यांना? मग तुमची आहे, तुम्हीच मारा!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग डर्किनकडे. "दिलीस ना?"

"दिली."

म्हाताऱ्यानं सोटा उचलला आणि जीपच्या कपाळावर असा काही घातला की काच फुटली, पत्रा आत गेला आणि कसा कोण जाणे, भोंगा वाजायला लागला. डुक्कर मरताना ओरडतं तसाच. ढोलवाले क्षणभर चरकले आणि मग बडवायला लागले. चारी वाड्या उठून उभ्या राहिल्या. अमेरिकन पोरं शिट्ट्या मारत होती. त्यांनी ढकलली तशी जीप ओरडत ओरडत धक्क्यावरून गेली आणि पाण्यात गेल्यावर गप्प झाली.

म्हातारा धापा टाकत मोलिसालेसमोर गेला. "नाव पुकार."

मोलिसाले सावकाश उठला. "मारलंस, बघितलं," तो म्हणाला. "चांगलं मारलंस. पण मटण कुठाय, तावुई? घास नाही तर पदवी नाही. का आम्ही बुडी मारून लोखंड चावायचं?"

सगळे हसले. खरं होतं त्याचं, हाच तर घोळ होता. डुकरं मारली अमेरिकनांनी, पण वाटप कुणालाच नाही.

मी इकडंतिकडं बघितलं. साहेब दोघं पुन्हा धक्क्याच्या टोकाला गेले होते, एका बुडणाऱ्या बुलडोझरवरून कुणाचा दोष यावर हमरीतुमरीवर आले होते. आणि बदामाच्या झाडाखाली, सावलीत, दोन वेताच्या टोपल्या. इंग्रजांच्या टोपलीजवळ आरू उभा, फ्रेंचांच्या टोपलीजवळ विरा. साहेबांचं दुपारचं जेवण.

"आरू," मी म्हटलं, "काय आहे रे त्यात?"

"मावशी, नाही हं. माझी नोकरी जाईल."

"तुमच्या करवतीनं माझ्या डुकराचा जबडा कापला. तेव्हा मावशी आठवली नाही ना?"

आरूनं विराकडे बघितलं. विरानं आरूकडे. मग दोघांनी एकाच वेळी पाठ फिरवली आणि झेंड्यांची उंची बघू लागले.

इंग्रजांच्या टोपलीत थंड भाजलेलं मटण होतं आणि पाव. फ्रेंचांच्या टोपलीत अख्खी कोंबडी, चीज, आणि सॉसेजचं एक लांब वेटोळं. मी म्हाताऱ्याच्या हातात आणून दिलं, आणि म्हाताऱ्यानं नखाएवढे, नखाएवढे तुकडे करत चारी वाड्यांना वाटलं. डर्किनलाही दिला. पोरगं डोळे पुसत खात होतं. शेवटी चीजचा तुकडा मोलिसालेपुढं धरला. मोलिसालेनं तो हुंगला. पदवीवाल्यापुढं घास आल्यावर नाही म्हणता येत नाही, आणि शिवाय फ्रेंचसाहेब रोज काय खातो याची उत्सुकता त्याला लहानपणापासून होती.

त्यानं खाल्लं. तोंड वाकडं केलं. गिळलं. मग उभा राहून, हात वर करून, कडाडला: "मोलिताबे!"

"मोलिताबे!" सगळं बेट ओरडलं. माझा म्हातारा ताठ उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी पण रडले, कशाला लपवू?

साहेब भांडून भांडून भुकेले झाले आणि झाडाखाली आले.

"माझा डबा कुठाय?" विथरिजसाहेब म्हणाले.

"आणि माझा?" ब्रेसोलसाहेब म्हणाले.

"साहेब," मी म्हटलं, "जमीन आमची होती. नारळ आमचे होते. गाड्या अमेरिकनांच्या होत्या. तुम्ही दोघांनी या युद्धाला तुमच्या पदरचं काय दिलंत ते आम्हाला आजवर कळत नव्हतं. आज खाल्लं. चीज जरा उतरलं होतं."

परतीच्या वाटेवर म्हातारा पुन्हा पुन्हा थांबत होता. दम लागत होता, आणि दर वेळी थांबला की मला म्हणायचा, हाक मार. मी मारायची, मोलिताबे. मग चालायला लागायचा. चढाच्या खाली मात्र तो बसला तो उठेना.

"अगं, ती मानेल का?" त्यानं विचारलं. "राखणदारीण. ती सुळा दाखव म्हणेल. मी काय दाखवू?"

त्याच्या छातीतला आवाज इतका जवळून ऐकू येत होता की मला थट्टा सुचेना. त्याचा हात धरून मी शेजारी बसले.

"तिला सांगा," मी म्हटलं, "माझं डुक्कर तीन राष्ट्रांनी वाटून घेतलंय, सुळेसुद्धा त्यांच्याकडेच आहेत. तुला कुणाला खायचंच असलं तर इथंच बसून राहा. ते सगळे याच वाटेनं येणारेत."